तोच पाईप, तीच जागा, तिसऱ्यांदा

समस्या थोडक्यात अशी. १९९८ ची जिप्सी, मागेपुढे कमान पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आधीच्या मालकाने पाट्यांत एकेक पट्टी वाढवून गाडी साधारण दोन इंच उचललेली. माझ्याकडे आल्यावर आठ महिन्यांत मागचा ब्रेक पाईप तीनदा फुटला. तिन्ही वेळा डाव्या चाकाकडे जाणारा, हौसिंगवरचा (मागच्या अॅक्सलच्या आवरणावरचा) लोखंडी पाईप, आणि तिन्ही वेळा यू-बोल्टापासून (पाटा हौसिंगला आवळणाऱ्या बोल्टापासून) बोटभर अंतरात. पहिल्या दोन वेळा नवीन पाईप टाकून मी मोकळा झालो. तिसऱ्यांदा गाडीखाली अर्धा दिवस घातला तेव्हा कारण सापडलं. ते पाईपमध्ये नव्हतंच, पाईपपासून दीड फूट लांब होतं.

ज्यांची गाडी उचललेली आहे, जे पांदणीने, नाल्यातून, वावरातून गाडी घालतात आणि ज्यांना दर हंगामात ‘पाईप सडला’ हेच उत्तर मिळतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला दिवस पक्का लक्षात आहे, कारण त्या दिवशी नागपुरात मारबत होती, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, ईडा पीडा हाकलणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. सकाळी काटोलकडच्या वावरात एक चक्कर मारून दुपारच्या आत मिरवणूक गाठायची असा बेत. पांदणीत चिखल, पुढे नाला. नाल्यात उजवं चाक दगडावर चढलं, डावं खाली लोंबलं, गाडी एकदा कण्हली आणि निघाली. डांबरीवर सगळं ठीक. फेटरीच्या अलीकडे बकऱ्यांचा कळप आडवा आला, मी पायडल दाबलं तर ते अर्धं आत गेलं. गाडी थांबली, पण ओढत ओढत. शेजारी बसलेला भाचा ओरडला, “मामा, ब्रेक मारा नं!” मी मारलाच होता.

शहरात पोचेपर्यंत काळी आणि पिवळी दोन्ही मारबती पुढे निघून गेल्या होत्या. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणायची वेळ हुकली आणि आमची पीडा आठ महिने मुक्कामाला राहिली.

गळतंय ते ब्रेक ऑईलच आहे ना?

आधी ही खात्री करा, कारण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली की तीन संशयित असतात: ब्रेक ऑईल, हौसिंगचं गिअर ऑईल आणि नुसतं पाणी. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, ते जाड असतं. ब्रेक ऑईल पातळ, बोटाला बुळबुळीत, आणि रंगावर सांडलं तर काही वेळात रंग फुगवतं. तरी शंका राहिली तर वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑईल पाण्यात विरघळून जातं, गिअर ऑईल वर तरंगतं. गिअर ऑईल निघालं तर तुमचा आजार वेगळा आहे, अॅक्सलचं सील पाहा.

ब्रेक ऑईलच असेल तर ते ड्रमच्या आतून झिरपतंय की बाहेरच्या पाईपमधून, हे पुढे ठरवायचं. ड्रमच्या मागच्या पत्र्यावरून खाली ओघळ असेल तर व्हील सिलेंडर (ड्रमच्या आत ब्रेक दाबणारा) गेला. हौसिंगवर, पाट्यावर ओल असेल तर पाईप किंवा होज (लवचिक रबरी नळी). चिखल असताना यातलं काहीच नीट कळत नाही. आपल्या काळ्या मातीचा थर चढला की ती तेल पिऊन घेते आणि ओल भलत्याच जागी दिसते. म्हणून आधी पाण्याने धुवा, सुकू द्या, मग एकाला पायडल दाबायला लावून खाली बॅटरी मारून बघा. फुटलेल्या जागेतून तेल बारीक पिचकारीसारखं उडतं. डोळ्यांवर चष्मा ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि पुढची पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धरून बसलो.

पायडल अर्धं जाऊनही गाडी का थांबली, तेही सांगतो, कारण ही निदानाची पहिली खूण आहे. मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पायडल ज्यातून तेल ढकलतं त्यात, एकामागे एक असे दोन कप्पे असतात. या गाडीत एक पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्या चाकांचा. मागचा पाईप फुटला की तो कप्पा रिकामा पळतो, पायडल खोल जातं आणि उरलेलं काम पुढचे ब्रेक एकटे करतात. वरच्या बाटलीत एका बाजूचीच पातळी उतरलेली दिसली तर गळती त्या सर्किटमध्ये आहे, हे बॉनेट उघडून दोन सेकंदांत कळतं. बऱ्याच नव्या गाड्यांत सर्किट तिरकी असतात, म्हणजे पुढचं एक आणि मागचं समोरच्या बाजूचं एक. तिथे ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढल्यासारखं वाटेल.

दोनदा चुकलेलं निदान

पहिल्यांदा गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, “पाईप जुना होता भाऊ, सडला. नवीन टाकून देतो, दहा वर्षं पाहाचं काम नाही.” पाईप खरंच जुना होता, मी मान डोलावली. डिसेंबरात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरातून गाडी काढल्यावर, तो दहा वर्षांचा पाईप चार महिन्यांत त्याच जागी फुटला. दुसऱ्या गॅरेजने सांगितलं की पहिल्याने हलका माल टाकला. हेही मला पटलं. माणसाला पटायला फार लागत नाही, दुसऱ्याची चूक असली की पुरे.

एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा फुटला तेव्हा ऑटोमोटिव्ह चौकाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी नवा पाईप काढायच्या आधी फुटलेला माझ्या हातात दिला. “याले पाहा. सडला असता तं सगळीकडून सडला असता. हा एकाच जागी कोणीतरी खाल्ला हाय. आधी खाणारा शोधा, मंग पाईप टाकू.”

उन्हात धरून पाहिलं. पाईपवर गंज जवळजवळ नव्हताच. एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी सपाट, चकचकीत जागा, कानस फिरवल्यासारखी, आणि तिच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. यू-बोल्टाच्या नटाच्या कोपऱ्यावरही तशीच चकाकणारी रेघ होती. म्हणजे पाईप नटाला घासत होता. खाणारा सापडला, असं मला वाटलं.

काकांनी मान हलवली. “नट काही चालून नाही आला पाईपाजवळ. पाईप कसा आला तिकडं?”

प्रश्न बरोबर होता. यू-बोल्ट आणि हौसिंग एकत्रच वरखाली होतात, त्यांच्यात आपसांत हालचाल नाही. कंपनीने पाईप नटापासून लांब ठेवलेला असतो आणि मध्ये एक छोटी क्लिप असते, हौसिंगला जोडलेल्या पत्र्याच्या कानात बसणारी. माझ्या गाडीत तो कान तुटलेला होता. दोन्ही गॅरेजांनी तिथे प्लास्टिकची पट्टी बांधून दिली होती, आणि चिखलात दोन्ही पट्ट्या तुटल्या होत्या. बांधणाऱ्यांची अडचण समजते, पण कान का तुटला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चाक लोंबकळवलं तेव्हा

इथे मुख्य मुद्दा येतो. आतापर्यंतची सगळी तपासणी गाडी जमिनीवर उभी असताना झाली होती. उभ्या गाडीत सगळं सैल, जागच्या जागी दिसतं. काकांनी गाडी मागून उचलली, पण जॅक हौसिंगखाली न लावता चेसिसखाली लावला. दोन्ही बाजूंना चेसिसखाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) ठेवल्या, पुढच्या चाकांना दगड लावले आणि जॅक उतरवला. मागची दोन्ही चाकं हवेत, हौसिंग पाट्यांवर पूर्ण खाली लोंबलेलं. नाल्यात डावं चाक लोंबलं होतं तसंच.

मग खाली बघितलं. चेसिसवरून हौसिंगवरच्या टी-जोडाकडे (जिथून पाईप दोन्ही चाकांकडे फुटतात) येणारा रबरी होज तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ झाला होता. बोटाने टिचकी मारली तर वाजेल असा. त्याने टी-जोडाची पट्टी वर ओढून वाकवली होती आणि टी-जोडाबरोबर डावा पाईपही सरकला होता. जमिनीवर गाडी ठेवली की होज सैल पडायचा, पण वाकलेली पट्टी वाकलेलीच राहायची.

मग साखळी जुळली. आधीच्या मालकाने पाटे वाढवून गाडी उचलली. चेसिस आणि हौसिंगमधलं अंतर वाढलं, चाक पहिल्यापेक्षा जास्त खाली लोंबू लागलं. होज मात्र जुन्याच लांबीचा राहिला. चाक खड्ड्यात लोंबलं की होज टी-जोडाला हिसका देणार. अशा हिसक्यांनी पट्टी वाकली, क्लिपचा कान तुटला, मोकळा झालेला पाईप सेंटीमीटरभर सरकून नटाला टेकला. पुढचं काम कंपनाने केलं. रोज दहा किलोमीटर डांबरीवर चालली तरी पाईप नटावर हजारो वेळा थरथरतो.

खरं तर माझं नशीब की पाईप फुटला. होज आतून फाटून चाललेला होता. तो वाकवून पाहिला तर पितळी टोकाजवळ बारीक चिरा दिसत होत्या. तो घाटात तुटला असता तर हे लिहायला मी बसलो नसतो.

ही तपासणी कुणीही करू शकतो. नियम एकच, फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, घोड्या हव्यातच. मागचा होज पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत पाहा. पुढचे दोन होज चाकं लोंबलेली असताना, स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहा. पुढच्या होजचा ताण बहुतेक वेळा फक्त वळवलेल्या चाकात दिसतो. मग उलट टोक: एक चाक जॅकने वर दाबून होज कुठे चिमटत नाही ना, टायरला लागत नाही ना, तेही पाहायचं.

कुठे घासतंय हे नजरेला सापडत नसेल तर काकांची युक्ती वापरा. पाईपच्या आसपासचे नट, पाट्याच्या कडा, सायलेन्सरची नळी, सगळ्यांना पांढऱ्या रंगाचा एकेक हात द्या. सुकला की गाडी नेहमीच्या पांदणीने दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. जिथे रंग घासून लोखंड चमकतं, तिथे दोषी.

सगळ्यांचा दोषी होजच असेल असं नाही. माझ्या भाच्याच्या मित्राच्या गाडीत पऱ्हाटीचं वाळलेलं खुंट हौसिंग आणि पाईपच्या मधे घुसून पाचर झालं होतं. पाईप फुलवलेल्या तोंडाजवळच तडकत असेल, घासल्याची खूण नसेल, तर बहुधा पाईप दोन हलणाऱ्या भागांमध्ये ताठ बसवलाय, मध्ये वळसा नाही. लांबच्या लांब खवले धरून सडला असेल तर क्लिपखाली अडकलेली ओली माती. काळी माती दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते, आणि वॉशिंग सेंटरवाला वरूनच पाणी मारतो.

पाईप बनवताना

आधी जे करायचं नाही ते. भोकावर पितळ मारून घेऊ नका. दोन गोळे मळून लावायची लांबी लावू नका. पाईप कापून मध्ये रबरी नळी घालून क्लिप आवळू नका. नळ-फिटिंगवाल्यांचा पितळी रिंगेचा दाबून बसवायचा जोड वापरू नका. वाटेत एकाने मला पितळाचं सुचवलं होतं, “पाच मिनिटांचं काम” म्हणून.

का नको, ते हिशोबाने बघा. पायाने ४० किलोचा जोर लावला, पायडलच्या तरफेने तो चौपट झाला, म्हणजे १६० किलो. मास्टर सिलेंडरचा पिस्टन २० मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर. म्हणजे पाईपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५० किलो दाब, आणि हा बूस्टरशिवायचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याशिवायचा. टायरमध्ये आपण दोन किलो हवा भरतो. जो जोड टायरच्या पंचवीसपट दाब हजारदा सोसणार नाही, तो ब्रेकमध्ये चालत नाही.

दुसरा मोह तांब्याचा. आपल्याकडे कूलर-एसीवाल्यांकडे तांब्याची नळी गल्लोगल्ली मिळते, हाताने वाकते, दिसायलाही सुरेख. पण शुद्ध तांबं थरथरून कडक होतं आणि मग तडकतं. गंज नको असेल तर तांबं-निकेलची नळी घ्या, साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. तीही हाताने वाकते, पण ती ब्रेकसाठीच बनते. व्होल्वोने १९७० च्या दशकातच ती आपल्या गाड्यांत आणली. नाही मिळाली तर दुहेरी पत्र्याची साधी ब्रेकची लोखंडी नळी उत्तम. ४.७५ मिलिमीटर बाहेरचा व्यास हे नेहमीचं माप, तरी जुना तुकडा बरोबर न्या. नटही बरोबर न्या. जपानी घडणीच्या या गाड्यांत १० मिलिमीटरचे बारीक आट्यांचे नट असतात, जुन्या जीपमध्ये इंची आटे सापडतात. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ. चुकीचा नट दोन फेरे छान जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला टी-जोडाचे आटे घेऊन जातो.

जुना नट उघडताना साधा फिक्स पान्हा लावू नका, कोपरे गोल होतात. रिंगला एका बाजूने फट असलेला ब्रेक पाईपचा पान्हा असतो, तो घ्या. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. तरी नट पाईपसकट फिरू लागला तर थांबा. पाईप तसाही जायचाच आहे, तो नटाजवळ कापा आणि नटावर बॉक्स पान्हा बसवा.

लांबी मोजायला दोरी नको, इलेक्ट्रिकची जाड तार वापरा. ती जुन्या पाईपच्या प्रत्येक वळणावरून नेऊन मग सरळ करून मोजायची. नळी हॅक्सॉने नाही, पाईप कटरने कापायची, तोंड काटकोनात आलं पाहिजे. आतली-बाहेरची धार काढायची, कीस फुंकून काढायचा. आणि तोंड फुलवायच्या आधी नट नळीत घालायचा. हे वाचून हसू येईल. काकांनी चाळीस वर्षं हे काम केलंय आणि माझ्यासमोर एकदा नट बाहेर ठेवून तोंड फुलवलं. एक शिवी घातली, टोक कापलं, पुन्हा सुरू.

तोंड दुहेरी फुलवायचं. आधी छोट्या ठोकळ्याने कड आत दुमडायची, मग ४५ अंशांच्या शंकूने दाबायची, म्हणजे बसणाऱ्या जागी नळीचे दोन थर येतात. एकेरी फुलवलेलं तोंड एसीच्या गॅसला चालतं, ब्रेकला चिरतं. तोंड वाकडं आलं, एका बाजूला ओठ जास्त फुटला, बारीक चीर दिसली तर बिनतक्रार कापून टाका. म्हणून नळी हातभर जास्तच आणायची. आणि बऱ्याच युरोपी गाड्यांत गोल बोंडासारखं वेगळं तोंड असतं. जुन्या पाईपचं होतं तसंच नवं करा, एक दुसऱ्यात बसत नाही, गळतं.

वळणं अंगठ्याने एखाद्या जाड नळीवर गोलाकार द्या. चपटी झालेली नळी परत गोल होत नसते. नट पहिले तीन-चार आटे हातानेच गेले पाहिजेत.

माझ्या गाडीत काकांनी तुटलेल्या कानाच्या जागी पट्टीचा नवा कान बोल्टने बसवला. वेल्डिंग मी करू दिलं नाही, हौसिंगच्या आत तेल आणि शेजारी ब्रेकची नळी. क्लिपमध्ये रबराचा तुकडा घातला. नटापासून पाईप आता दीड सेंटीमीटर लांब आहे. वाकलेली टी-जोडाची पट्टी सरळ करून परत बसवली.

होज

खरी दुरुस्ती ही. पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत दोन टोकांमधलं अंतर मोजलं आणि त्यात तीन-चार सेंटीमीटर सैल धरून तेवढा लांब होज घेतला. त्याहून लांब घेऊ नका, चाक वर दाबलं की तो लोंबून पाट्यात किंवा शाफ्टात जातो. होजवर एसएई जे १४०१ असा शिक्का असतो तो बघा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे होज दाबून देणारे “ब्रेकचा पण बनवून देतो” म्हणतात. त्यांचा दाबाचा दावा खोटा नसतो, अडचण रबराची आहे. हायड्रॉलिकचं रबर खनिज तेलासाठी असतं, ते ब्रेक ऑईलमध्ये बिघडतं. ब्रेकच्या रबराची गत उलटी, ते ब्रेक ऑईलमध्ये सुखात राहतं आणि पेट्रोल-डिझेल लागलं की फुगतं. म्हणून ब्रेकचा कुठलाही भाग पेट्रोलने धुवायचा नाही. नेमक्या लांबीचा होज मिळत नसेल तर चेसिसवरचा कंस पट्टी लावून चार-पाच सेंटीमीटर खाली आणला तरी चालतो, कंपनीचाच होज राहतो.

होजचं टोक पोकळ बोल्टने बसत असेल तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवीन टाका. तीस-चाळीस रुपयांसाठी जुने वायसर परत लावून मग आठवडाभर गळती शोधत बसणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

ड्रममध्ये तेल शिरलं असेल तर लायनर बदला. पेट्रोल ओतून पेटवून तेल ‘जाळून’ काढायची पद्धत आहे. वरून कोरडं दिसतं, गरम झालं की आतलं तेल पुन्हा वर येतं आणि ते चाक एकटंच घसरतं.

एअर काढणं

यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून लवकर उरकतो. आधी ड्रमचे लायनर ॲडजस्ट करा. मग मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला (चाकाजवळच्या, हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडलेलं. भाचा पायडलवर, मी खाली.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव.” मी निपल पाव फेरा उघडतो, नळीतून बुडबुड्यांची माळ जाते, पायडल खाली बसतं. निपल बंद. “सोड.”

सगळा गोंधळ या शेवटच्या दोन शब्दांच्या क्रमात आहे. निपल बंद व्हायच्या आधी पायडल सुटलं की हवा परत आत. आम्ही ठरवून टाकलं, मी ‘सोड’ म्हटल्याशिवाय तो पाय हलवणार नाही, फोन वाजला तरी. दर चार-पाच दाबांनी वरची बाटली बघा, ती रिकामी पडली तर पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पायडल एकदम तळाला टेकू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलेंडरच्या ज्या भागात पिस्टन कधी जातच नाही तिथे गंज-मळ बसलेला असतो, आणि सील त्यावरून घासलं की पाईपच्या दुरुस्तीतून मास्टर सिलेंडरची दुरुस्ती जन्माला येते. एबीएस असलेल्या नव्या गाडीत एबीएसच्या डब्यात हवा शिरली असेल तर स्कॅनर असलेलं गॅरेज लागतं.

तेल सीलबंद डब्यातलंच. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल कमी नसते. अर्धा राहिलेला डबा पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून पायडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा, आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला नाही आणि पायडल हळूहळू खाली सरकलं नाही, तर मोकळ्या मैदानात दहाच्या वेगाने, मग वीसच्या, मग रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा कागद.

रानात फुटला तर

मी आता गाडीत एक वस्तू ठेवतो. त्याच मापाचा नट आणि त्यात दुमडून, ठोकून, पक्की बंद केलेली बोटभर ब्रेकची नळी. पाईप फुटला तर तो टी-जोडातून काढायचा, तिथे ही बंद नळी आवळायची, तेल भरायचं, हवा काढायची. एक चाक ब्रेकविना राहतं, बाकी तीन धरतात. जोरात ब्रेक मारला तर गाडी तिरपी ओढू शकते. म्हणून हे फक्त पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने जवळच्या गावापर्यंत. उतार असेल तर तेही नाही, ट्रॅक्टर बोलवा. हँडब्रेक तारेवर चालतो, तेलावर नाही, तो शाबूत असतो. पण त्याचा उपयोग उभं राहण्यापुरता. होजला व्हाइसग्रिपने चिमटून बंद करायची युक्ती काही जण सांगतात. आतलं रबर चिरडलं जातं, मग तो होजही फेकायचाच.

पोळ्याच्या आधी गाडीखाली पुन्हा शिरलो. नटावरचा पांढरा रंग कोपऱ्यापर्यंत शाबूत होता, होजवर एक ओरखडा नाही. टी-जोडाच्या पट्टीमागे मात्र गेल्या हंगामातलं पऱ्हाटीचं खुंट अडकून बसलं होतं, अंगठ्याएवढं. पक्कडीने ओढून काढलं.